तारेच्या कुंपणापासून विहाराच्या ओट्यापर्यंत : आदिवासी कुटुंबाला निवारा कुणी दिला, कसा दिला?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर जळगाव जामोद तालुक्यातल्या एका गावात एक पारधी कुटुंब बुद्ध विहाराच्या ओट्यावर येऊन बसले. गायरानावरचे त्यांचे पाल उठवले गेले होते. नवरा, बायको, म्हातारी आणि तीन लेकरे. बाई तापाने फणफणलेली होती आणि चार दिवसांपासून कुणाशी बोलत नव्हती. आम्ही कार्यकर्ते पोहोचलो तेव्हा ओट्यावर आमचीच माणसे आपसात भांडत होती. एक जण म्हणाला, "भाऊ, हे काय आपल्या धम्माचे हायेत का? उद्या चोरी झाली तं नाव विहाराचं येईन." तेव्हा गावातली एक म्हातारी उपासिका पुढे आली. ती म्हणाली, "आपल्या आज्यालेबी गावात कोनी उभं करत नव्हतं, इसरले काय रे?" आणि तिने कुलूप काढले.

त्या रात्री ते कुटुंब विहारात झोपले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाईला दवाखान्यात नेले. तिथे म्हातारीला आणि लेकरांना फाटकाबाहेर थांबवले. "पेशंटजवळ एकच नातेवाईक," असा नियम होता. बाई दुपारीच तिथून उठून निघून आली. पुन्हा विहाराच्या ओट्यावर येऊन लेकराला मांडीवर घेऊन बसली, आणि तिथे पहिल्यांदा बोलली. औषध तिने तिथेच घेतले.

ही घटना छोटी आहे. पण तिने आमच्यापुढे जो प्रश्न टाकला तो छोटा नाही. निवारा म्हणजे डोक्यावर छप्पर एवढेच असते काय? उपचार म्हणजे सुई आणि गोळी एवढेच असते काय? आणि ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या 'निवारा' या नावाखाली कोंडले गेले, त्याने तुमच्या छपराखाली का यावे? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर इतिहासात जावे लागते.

निवाऱ्याच्या नावाखाली तुरुंग

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. जन्माने गुन्हेगार ही कल्पना इंग्रजांना आकाशातून सुचली नव्हती. जन्माने पवित्र आणि जन्माने अपवित्र ठरवणारी व्यवस्था या देशात आधीच मजबूत उभी होती. इंग्रजांनी तिच्यावर सरकारी शिक्का मारला.

या कायद्याखाली 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. तारेचे कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास. काही ठिकाणी त्यांचा कारभार मिशनरी संस्थांकडे होता. सरकारी कागदात या जागांचे वर्णन सुधारणेचे, पुनर्वसनाचे, शिक्षणाचे आहे. पण याच कायद्यात एक तरतूद होती, ती प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावी. सरकारला वाटले तर लेकरांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार शाळेत ठेवता येत होते. म्हणजे छप्पर होते, अन्न होते, शाळा होती. नव्हती ती फक्त आई.

सोलापूर हे अशा सेटलमेंटचे मोठे ठिकाण. आता त्याच सोलापूरची दुसरी गोष्ट पाहा. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि या सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरातच अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. एकच शहर, एकच काळ. एकीकडे तारेच्या आत कोंडलेली लेकरे आणि दुसरीकडे आपल्याच माणसांनी आपल्या लेकरांसाठी उघडलेले दार. दोन्ही ठिकाणी झोपायला जागा होती, पंगतीला भाकर होती. फरक कशात होता? किल्ली कुणाच्या हातात होती, यात होता.

तिथून आम्ही तीन कसोट्या काढल्या आहेत. निवाऱ्याची किल्ली कुणाच्या हातात? तिथे भाषा कुणाची बोलली जाते? आणि कुटुंब सोबत राहते की तोडले जाते? पुढचा सगळा इतिहास या तीन कसोट्यांवर घासून पाहू.

बाबासाहेब आणि आदिवासी : पूजा नको, वाचन हवे

नोव्हेंबर १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते स्टार्ट. हे तेच अधिकारी, ज्यांच्याकडे मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे काम होते. समितीत डॉ. आंबेडकर होते, डॉ. सोळंकी होते, ठक्कर बाप्पाही होते. १९३० साली अहवाल आला. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांचा आग्रह त्यात होता. मागास वर्गांचे तीन गट पाडण्याची सूचनाही त्यात होती : अस्पृश्य, आदिम व डोंगरी जमाती आणि इतर मागासवर्ग. ज्या वर्गवारीवर आज आपण आरक्षणाची लढाई लढतो, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक जळजळीत प्रश्न टाकला. हजारो वर्षे जवळ राहूनही हिंदू समाजाने आदिवासींना आपले का मानले नाही? उत्तरही त्यांनीच दिले. त्यांच्यात जाऊन राहायचे, त्यांच्यावर प्रेम करायचे तर आधी जात सोडावी लागते, आणि तीच तर सोडवत नव्हती.

पण त्याच ग्रंथात आदिवासींबद्दल त्या काळची 'रानटी' ही भाषाही आहे. मे १९४५ मधल्या मुंबईच्या भाषणात आदिवासींमध्ये अजून राजकीय जाणीव विकसित झालेली नाही, असे बाबासाहेबांनी म्हटले होते. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी 'आदिवासी' या शब्दाचा आग्रह धरला. त्यावर हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, असे उत्तर बाबासाहेबांनी दिले. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर बरोबर असेल. पण आज आदिवासी तरुण हे वाचतो तेव्हा त्याला ते टोचते. आपण ते लपवून ठेवायचे काय? ज्याने आपल्याला 'तपासा आणि मग स्वीकारा' हा बुद्धाचा मार्ग दाखवला, त्याचे अनुयायी आपण. आपण लपवाछपवी करू नये.

आपल्या लाडक्या सम्राट अशोकाकडेही याच डोळ्यांनी पाहू. दुसऱ्या शिलालेखात तो माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केल्याचे सांगतो, औषधी वनस्पती लावल्याचे सांगतो. जगाच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. पण तेराव्या शिलालेखात, जिथे तो कलिंगच्या हत्याकांडाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो, तिथेच तो अटवीला, म्हणजे जंगलातल्या लोकांना बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याचे सामर्थ्य माझ्याजवळ आहे. म्हणजे करुणेचा सर्वात मोठा राजाही जंगलाच्या वेशीवर आला की थोडा दंडाधिकारी झाला. हे आपल्याला माहीत असले पाहिजे, कारण विहाराच्या ओट्यावर "चोरी झाली तं?" असे विचारणारा आवाज त्याच जुन्या संशयाचा आहे.

बुलढाण्याचा आदिवासी : कागदावर नसलेला माणूस

२०११ च्या जनगणनेप्रमाणे बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार. त्यात अनुसूचित जाती सुमारे १८ टक्के आणि अनुसूचित जमाती ५ टक्क्यांच्या आत. जमातींची मोठी वस्ती जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशीत आहे. कोरकू, निहाल, भिलाला अशा जमाती तिथे राहतात. पारधी तर जिल्हाभर विखुरलेले.

निहालांची गोष्ट प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव या परिसरात बोलली जाणारी त्यांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळात ठामपणे बसत नाही. ती मराठीची बहीण नाही, कोरकूची नाही, द्रविडीही नाही. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज ती बोलणारे काही हजारच उरले आहेत. ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्याच जिल्ह्यात जगातली एकटी पडलेली भाषा शेवटचा श्वास घेते आहे आणि आपल्याला तिचे नावही माहीत नसते! लोणारचे सरोवर पाहायला जग येते. निहाली ऐकायला कोण जाते?

आता कायद्याचा खेळ पाहा. १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात वऱ्हाडातली फक्त मोजकी क्षेत्रे होती. अमरावती जिल्ह्यातला मेळघाट आणि यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी, यवतमाळ हे तालुके. बुलढाणा त्यात नव्हता. म्हणजे मेळघाटातला कोरकू हा आदिवासी, पण डोंगर उतरून जळगाव जामोदला राहणारा त्याचा सख्खा भाऊ आदिवासी नाही! हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठले आणि तो कायदा १९७७ पासून लागू झाला. संविधान आल्यानंतरची तब्बल २७ वर्षे या जिल्ह्यातल्या आदिवासीला ना वसतिगृह, ना शिष्यवृत्ती, ना राखीव जागा. एक आख्खी पिढी कागदाबाहेर वाढली आणि कागदाबाहेरच म्हातारी झाली.

आजही त्याची छाया गेलेली नाही. बुलढाण्याच्या आदिवासींसाठीचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय अकोल्यात आहे. डोंगरातल्या पाड्यावरच्या बाईने दाखल्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जायचे, तेही मजुरी बुडवून.

१९५२ : एक कायदा गेला, एक आश्रम आला

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा गेला तरी पोलीस ठाण्यातली नजर गेली नाही. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी तीच नजर नव्या चष्म्यातून चालू ठेवली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू झाला. 'आदिवासी' हा शब्द काढून 'वनवासी' हा शब्द बसवणे म्हणजे मूळ मालकाला जंगलातला भाडेकरू ठरवणे. शाळा मिळाली, वसतिगृह मिळाले, दवाखाना मिळाला. पण बदल्यात देव बदलला, नाव बदलले, प्रार्थना बदलली. पहिली कसोटी लावा : किल्ली कुणाच्या हातात? दुसरी लावा : भाषा कुणाची?

सरकारी आणि अनुदानित आश्रमशाळांची गोष्ट वेगळी काढता येत नाही. घरापासून दूर, आपल्या बोलीपासून दूर, कधी अर्धपोटी. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. राज्य हादरले, अटका झाल्या, शाळेची मान्यता गेली. आम्ही एकाच गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. या प्रकरणाला वाचा कधी फुटली? दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या तेव्हा. शाळेत अधिकारी येत होते, तपासण्या होत होत्या, तक्रारपेटीचे नियम होते. पण मुलीच्या तोंडून शब्द निघाला तो घरी, आपल्या माणसांत. सुरक्षा म्हणजे काय, ते यापेक्षा अधिक स्पष्ट कोण सांगू शकेल?

हा अनुभव फक्त आपला नाही. कॅनडात दीड लाखाच्या आसपास मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातले गेले. शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. २०१५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. त्यानंतर तिथले मूळनिवासी केवळ माफी घेऊन गप्प बसले नाहीत. उपचाराची आणि निवाऱ्याची केंद्रे आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या, आमच्या भाषेच्या, आमच्या रीतीच्या आधाराने चालली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह आहे. त्यांनी किल्ली मागितली.

दवाखाना गावासारखा असू शकतो

महाराष्ट्रात हे कुणी केलेच नाही असे नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी गोंड लोकांना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे साधी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपली माणसे जवळ राहू देत नाहीत, बोललेले कुणाला कळत नाही. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा झोपड्यांचा झाला. नातेवाईक सोबत राहू लागले. नाव लोकांच्या देवीचे मिळाले, माँ दंतेश्वरी. गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले गेले. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले : नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे राज्य सरकारने आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ गरोदर बाईने आधीच येऊन राहावे म्हणून 'माहेरघर' योजना आणली. बाईसोबत लहान लेकरू आणि नातेवाईक राहू शकतो. 'माहेर' हा शब्दच सगळे सांगून जातो.

आमच्यातला एखादा बुद्धिवादी मित्र म्हणेल, दवाखान्याला देवीचे नाव? हे आपल्या बावीस प्रतिज्ञांत कुठे बसते? मित्रा, प्रतिज्ञा तू घेतल्यास, त्या गोंड बाईने नाही. तिच्या दारात तिच्या नावाने जाणे म्हणजे अंधश्रद्धा पसरवणे नव्हे. तिचा ताप मात्र औषधानेच उतरवायचा. नाव तिचे, औषध विज्ञानाचे. यात विरोध कुठे आहे?

पण संस्कृतीच्या नावाखाली काहीही गळी उतरवायचे, असेही आम्ही म्हणत नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटाला चटके देतात, तीही 'परंपरा'च. गडचिरोलीत पाळी आलेल्या बाईला गावाबाहेर कुर्माघरात ठेवतात, तेही एका अर्थाने 'घर'च. चिखलीजवळ पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. तिथे हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी सगळे येतात. मनाच्या आजाराने पिचलेल्या माणसाला घेऊन गरीब कुटुंबे तिथे मुक्काम करतात. का येतात? कारण तिथे कुणी जात विचारत नाही आणि आख्खे कुटुंब सोबत राहू शकते. सरकारी मनोरुग्णालयाने जे दिले नाही ते दर्ग्याच्या आवाराने दिले, हे कबूल केलेच पाहिजे. पण माणसाला साखळीने बांधणे हा उपचार नव्हे, गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला स्पष्ट मनाई केली आहे. त्याच चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे 'सेवासंकल्प' हे बेघर मनोरुग्णांचे घर चालते. म्हणजे साखळीशिवाय आसरा देता येतो, हे आपल्याच मातीत दिसते आहे.

संस्कृतीतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे कुणी ठरवायचे? त्या समाजातल्या बायांनी आणि तरुणांनी. महाडचे पाणी प्यायचे की नाही हे आपण ठरवले होते, सनातन्यांनी नव्हे. तोच हक्क त्यांचा.

प्रश्नचिन्ह

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून २०१२ मध्ये शाळा काढली. भीक मागणारी पारधी लेकरे गोळा केली. शाळेचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. किल्ली पारध्याच्या हातात, भाषा पारध्याची. आमच्या तिन्ही कसोट्यांवर उतरणाऱ्या फार थोड्या जागांपैकी ही एक. आणि नेमकी तीच समृद्धी महामार्गाच्या आड आली. शाळेच्या काही वास्तू त्या रस्त्यासाठी गेल्या. तोच महामार्ग आपल्या मेहकर आणि सिंदखेडराजावरून जातो. समृद्धी कुणाची आणि प्रश्नचिन्ह कुणापुढे, हे वेगळे सांगायला हवे काय?

शेजारच्या अकोट तालुक्यात मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली गावे वसवली गेली. जानेवारी २०१९ मध्ये त्या गावांतले आदिवासी पुन्हा जंगलात, केलपाणीकडे परतले आणि वनखाते-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. जमीन मिळाली नाही, आजारपणात माणसे गेली, ही त्यांची तक्रार होती. ज्या घरात माणूस मरतो त्याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

मग आपण काय करायचे?

निवारा ही भीक नाही, हक्क आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला बारावा नियम काढून वाचा. पीडित कुटुंबाला अन्न, पाणी, कपडे, निवारा, औषधोपचार आणि वाहतूक तातडीने पुरवणे ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे. हा कायदा अनुसूचित जातींचा तसाच जमातींचाही आहे. आपल्या वस्तीवर हल्ला झाला की आपण मोर्चा काढतो. पारध्याचे पाल पेटले की आपण पेपरात वाचतो. हे बदलले पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही मार खाल्लेल्या बाईने मागितला तर निवारागृहात आसरा द्यावाच लागतो. जिल्ह्याच्या सखी केंद्रात कोरकू, निहाली, पारधी बोलणारी एक तरी बाई नेमा, ही मागणी घेऊन आपण किती वेळा गेलो? दवाखान्यात आदिवासी रुग्णाच्या कुटुंबाला आवारात राहायला जागा द्या, ही मागणी केली काय? प्रकल्प कार्यालयाची शाखा जळगाव जामोदला आणा, असे निवेदन कधी दिले?

आणि सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या विहाराकडे पाहू. वर्षावास आणि जयंती सोडली तर किती विहारांना वर्षभर कुलूप असते? आजारी भिक्खूची शुश्रूषा बुद्धाने स्वतःच्या हाताने केली आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा असे सांगितले. त्या बुद्धाच्या घराला कुलूप शोभते काय? सातपुड्याच्या पायथ्याच्या प्रत्येक विहारात एक खोली, एक चूल आणि चार अंथरुणे एवढे तर आपण उभे करू शकतो. अट एकच. येणाऱ्याला बुद्धवंदना म्हणायला लावायची नाही. त्याचा देव त्याच्याजवळ राहू द्या, त्याची बोली त्याच्या तोंडात राहू द्या. नाहीतर आपल्यात आणि 'वनवासी' म्हणणाऱ्यांत फरक तो काय?

आणि पुढची पायरी याहून अवघड आहे. ती खोली चालवायला लागल्यावर एक दिवस तिची किल्ली त्या पारधी बाईच्या, त्या निहाल तरुणाच्या हातात द्यावी लागेल. १९२५ साली सोलापुरात आपल्या बापजाद्यांना जी मिळाली होती, तीच ही किल्ली आहे. ती आपल्याला मिळाली म्हणून आज आपण लिहितो, बोलतो, भांडतो. ती पुढे द्यायची नसेल तर बाबासाहेबांच्या फोटोला हार घालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ती म्हातारी उपासिका आज नाही. तिने त्या रात्री कुलूप काढले तेव्हा तिला ना कायद्याचे कलम माहीत होते, ना अशोकाचा शिलालेख. तिला आपला आजा आठवला होता. आपल्याला तेवढे आठवले तरी कामाला सुरुवात होईल.

जय भीम! जय आदिवासी!